काहीच न मागणारा शत्रू

परग्रहावरून सैन्य येऊन पृथ्वीवर तुटून पडते, अशा सिनेमांतला शत्रू सहसा काही मागत नाही. ‘इंडिपेन्डन्स डे’मध्ये (१९९६) अमेरिकेचा अध्यक्ष पकडलेल्या परग्रहवासीयाला विचारतो, आम्ही करावे तरी काय? उत्तर येते, मरा. प्रेक्षकाला धडकी भरावी ती इथेच. पण सुरतेचा इतिहास जाणणाऱ्याला हा शत्रू खोटा वाटेल. जानेवारी १६६४ मध्ये शहराबाहेर उतरलेल्या शिवाजी महाराजांनी आधी निरोप धाडला होता: बडे व्यापारी घेऊन या, खंडणीचे बोला. मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला. पुढे बोलणीच्या मिषाने आलेल्या त्याच्या माणसाने खंजीर उपसला; अंगरक्षकाने त्याचा हात छाटला, तरी तो त्याच वेगात महाराजांवर आदळला. इंग्रज तर १६०८ मध्ये राजाचे पत्र घेऊन व्यापाराची परवानगी मागायला आले, आणि १७५९ मध्ये किल्ला त्यांच्या हातात गेला. इथे जो आला, त्याला काहीतरी हवे होते. (सुरतेची लूट आपण मराठी माणसे घोडेस्वारांच्या बाजूने वाचतो, लुटल्या गेलेल्या व्यापारी वीरजी व्होराच्या वाड्यातून नव्हे, हेही खरेच.)

म्हणूनच आपल्या पडद्यावरचा परग्रहवासी बोलणी करता येईल असाच असतो. ‘कोई मिल गया’मधला (२००३) जादू मैत्री करतो, ‘पीके’ (२०१४) हरवलेली वस्तू शोधत दारोदार फिरतो. यावर म्हणतील, स्वारी दाखवायला पैसा लागतो, तो आपल्याकडे नव्हता. पण ‘बाहुबली’ची युद्धे काही फुकटात झाली नाहीत, पैसा आला तेव्हा तो ओळखीच्या शत्रूवर खर्च झाला. ‘ॲव्हेंजर्स’ला शिट्ट्या पडतात त्याही नायकांना; आकाशातून ओतली जाणारी फौज कोणती, हे घरी जाईपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. एच. जी. वेल्सने मंगळवासीयांच्या स्वारीवरच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये (१८९८) टास्मानियाच्या मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण दिली आहे. आपण इतरांचे केले तेच कोणी आपले केले तर, ही भीती साम्राज्य चालवणाऱ्यांची. ती आपल्याला उसनी घ्यावी लागते.

माझ्या म्हणण्याला खरा अडसर सप्टेंबर १९९४ चा आहे. प्लेगच्या बातमीने लाखो लोकांनी सुरत सोडली; त्यांत खानदेशातून मागावर कामाला आलेलेही होते. तोंडाला रुमाल, भरून निघालेल्या गाड्या, औषधाच्या दुकानांतून संपलेले टेट्रासायक्लिन. वेल्सच्या कादंबरीत जंतूंनी मंगळवासीयांना मारून माणसांना वाचवले. सुरतेत जंतूच मंगळवासी होऊन आले. म्हणजे काहीच न मागणाऱ्या शत्रूची भीती इथल्या माणसाला ठाऊक नाही, असे म्हणता येत नाही. ती त्याला आकाशाकडे बघून वाटत नाही, एवढेच मी म्हणेन. आणि या शत्रूवर तोडगा निघाला तोही कोणी विमान घेऊन शत्रूच्या यानात घुसल्याने नव्हे. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात रोजचा कचरा उचलणे, गटारे, खाणावळींची तपासणी, अतिक्रमणे पाडणे असे काम चालले आणि शहर पालटले. त्यावर थरारपट काढला तर गटाराचे झाकण उचलणाऱ्या नायकाला शिट्टी पडेल का, याची मात्र शंका आहे.