माणूस निघालाय

कंत्राटदाराचा फोन लागतो, हे विशेष. "काका, माणूस निघालाय," म्हणतो. आवाजात इतका गोडवा, की रागवायचं कसं हीच पंचाईत.

न्हाणीघर उकरून ठेवलंय. फरशी गेली, जुना कोबा गेला, एका कोपऱ्यात स्लॅबची गंजलेली सळई उघडी पडली. यावर उभं राहून आम्ही वर्षानुवर्षं अंघोळी केल्या! सळईवर काहीतरी लावून नवा कोबा घातला: विटांचे तुकडे, सिमेंट, जाळीकडे ढाळ. आता त्यावर पाणी साठवायचं, खालच्यांच्या छताला ओल येते का बघायचं, मगच टाइल्स. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर निदान ७ दिवस पाणी मारावं, असं 'आयएस ४५६' हे मानक सांगतं. गवंडीही तेच सांगून दुसऱ्या साइटवर गेला. तेव्हा पाण्याचा मग घेऊन मीच उभा राहतो.

गंमत म्हणजे हे काम आवडायला लागलंय. पाणी पडलं की राखाडी रंग गडद होतो, बारीक बुडबुडे येतात, वीट पाणी पीत राहते. मी बघत बसतो.

राग आहेच. पण तो माणूस येत नाही याचा, की निवृत्तीनंतर दिवसभर दारावरच्या बेलकडे कान लावून बसायची सवय लागली याचा, नीट कळत नाही. बायको म्हणते, दुसरा बघा. दुसरा तरी कुठून वेगळा येणार?

खालच्या वहिनींनी छत पाहिलं. ओल आहे म्हणाल्या. जुनी की नवी, ते सांगता येत नाही.