रांगेतला तिसरा

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ या नाटकातलं माझं लक्ष वयाबरोबर जागा बदलत आलं आहे. कॉलेजच्या दिवसांत, मेलेला कीर्तनकार भाऊराव स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो याचं अप्रूप होतं. पुढे बरीच वर्षं भाऊरावांचा मुलगा नाना आणि त्याच्यावर येऊन पडलेलं बापाचं ओझं जास्त जाणवत राहिलं. आता नजर जाते ती शेजारी चाळकऱ्यांच्या समूहाकडे. मढं बोलतं ही कल्पना लेखकाची. ती आपल्याला खरी वाटते ती मात्र चाळकऱ्यांमुळे. रंगमंचावरचं जग जितकं अशक्य, तितकी समूहाच्या हालचालींची तालीम काटेकोर हवी, आणि पात्रंही त्याच तालमीतून घडायला हवीत, असं मला ठामपणे वाटतं.

कारण साधं आहे. दिवाणखान्यातल्या नाटकाला येताना प्रेक्षक त्या जगाचे नियम घरूनच घेऊन येतो. दार वाजलं की कुणीतरी उघडणार, मेलेला माणूस उठणार नाही, हे त्याला सांगावं लागत नाही. ‘महानिर्वाण’मध्ये हे नियम नटांनाच घडवावे लागतात. चाळकऱ्यांनी प्रेताला वळसा घालून जायचं की ओलांडून? भाऊराव बोलत असताना त्यांच्या माना वळतात की नाही? एकानं वळसा घातला आणि दुसरा सहज आरपार निघून गेला, तर प्रेक्षकाला गूढ काहीच वाटत नाही, तालीम कमी पडली एवढंच कळतं. तमाशात रंगमंचाला एक फेरी मारली की गाव बदलतं. तिथे पडदा नसतो, सेट नसतो. त्या फेरीवर सगळ्या नटांचा सारखाच विश्वास असतो, म्हणून ती चालते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, अतिवास्तव म्हणजे स्वप्न, आणि स्वप्नाला कसली शिस्त? नटांना मोकळं सोडा, सुचेल ते करू द्या. तालमीच्या पहिल्या दिवसांत हे जरूर करावं, कारण हालचालींचा कच्चा माल तिथूनच मिळतो. पण स्वप्न पाहणाऱ्याला स्वप्नात नवल वाटत नाही, ही स्वप्नाची सर्वांत महत्त्वाची खूण असा आक्षेप घेणारे विसरतात. मोकळा सोडलेला नट हटकून नवल दाखवतो: डोळे विस्फारतो, अंग पिळतो, विचित्र चालतो. चाळकऱ्याला मात्र ऑफिसला उशीर होईल की काय याची काळजी हवी. प्रत्येकाची अशी एकेक क्षुल्लक, खरी काळजी शोधणं हेच इथलं पात्रावरचं काम. ती काळजी वेगवेगळ्या अंगांत असूनही पावलं एकत्र पडली, की अशक्य गोष्ट नेहमीची वाटू लागते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: घोटून घेतलेल्या हालचालींनी माणसाची कवायत होते, व्यक्ती पुसली जाते. याला उत्तर म्हणून ‘घाशीराम कोतवाल’कडे पाहावं. ते नाटक अतिवास्तव नाही, पण समूहाच्या शरीरावर इतकं उभं राहिलेलं दुसरं मराठी नाटक मला ठाऊक नाही. 16 डिसेंबर 1972 ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांतून बारा ब्राह्मणांची जिवंत भिंत उभी राहिली. ती झुलते, झाकते, फुटून जमाव होते. बाराही जण एकसारखेच असते तर प्लायवूडची चौकट पुरली असती. सगळे एका लयीत असतात म्हणूनच, भिंत फुटल्यावर कोण आधी हात जोडतो आणि कोण आधी तोंड फिरवतो, हे डोळ्यांत भरतं. ‘महानिर्वाण’मध्ये तर हे कथानकातच आहे. भाऊरावांची विधवा रमा हिच्या मनात भरलेल्या माणसाची ओळख एवढीच, की तो उजवीकडून तिसरा उभा होता. रांग नीट नसेल तर हा माणूस अस्तित्वातच येत नाही, आणि तो नुसता रांगेतला एक राहिला तर रमेचं मन तिथे का अडकावं हे कळत नाही. त्या नटाला रांग न मोडता वेगळं दिसायचं असतं; अभिनयाच्या याहून कठीण परीक्षा थोड्या असतील.

आधी मनातलं कारण सापडू दे, मग शरीर आपोआप हलेल, असं मानणारे नट स्तानिस्लाव्स्कीचा आधार घेतात. पण उत्तरायुष्यात तो स्वतःच शारीरिक कृतींपासून सुरुवात करण्याकडे वळला होता. 1961 मध्ये न्यूयॉर्कला आयोनेस्कोच्या ‘ऱ्हायनोसेरॉस’मध्ये झीरो मोस्टेल मुखवटा न लावता प्रेक्षकांसमोर गेंडा झाला. गेंड्याला मनातलं कारण कुठून आणणार? तिथे आवाज आणि अंगाचा भार यांपासूनच सुरुवात करावी लागते.

उरतो हौशी संघांचा प्रश्न: नोकऱ्या सांभाळून एवढी तालीम कोण करणार? पण ‘घाशीराम’मधले जब्बार पटेल आणि मोहन आगाशे डॉक्टर होते, आळेकर जैवरसायनशास्त्रातले. वेळ कमी असतो हे खरं, म्हणूनच तो कशावर खर्च करायचा हे ठरवावं लागतं. पुढे वीसेक वर्षं चाललेल्या ‘घाशीराम’मध्ये नवे नट येत राहिले. अशा बदली नटाला गाणी आणि जागा लवकर पाठ होतील. शेजाऱ्याच्या खांद्यापासूनचं अंतर आणि वळण्याआधीचा सर्वांचा श्वास अंगात मुरायला मात्र दिवस लागतात. म्हणून संवादांची वही हातात देण्याआधी त्याला काही संध्याकाळी नुसतं रांगेत उभं करावं.