टेप जपली, यंत्राचं काय?

जुन्या टेपांचं जतन म्हटलं की थंड, कोरडी खोली आणि नीट लावलेली कपाटं डोळ्यांपुढे येतात. माझ्या मते हे निम्मंच काम झालं, आणि तेही सोपं निम्मं. अवघड निम्मं म्हणजे टेप वाचणारं यंत्र. ॲम्पेक्स कंपनीने 1956 साली शिकागोत दाखवलेला व्हिडिओ रेकॉर्डर घ्या. दोन इंच रुंद टेप सेकंदाला 15 इंच सरकते आणि चार हेडांची चकती मिनिटाला 14,400 फेरे घेत तिच्यावर आडव्या रेघा ओढते. अमेरिकी पद्धतीच्या चित्राची एक चौकट अशा 32 रेघांत वाटलेली असते. टेप हेडवर किंचित कमीजास्त दाबली गेली तरी चित्राच्या उभ्या कडा करवतीसारख्या दातेरी होतात. शिवाय हेड घासूनच वाचतं, म्हणजे वाचता वाचता झिजतं.

नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांनी 1966-67 मध्ये चंद्राची छायाचित्रं पाठवली. त्यांचा सिग्नल ॲम्पेक्स एफआर-900 यंत्रांवर नोंदवला गेला. टेपा टिकल्या, पण नासाच्या अभिलेखपाल नॅन्सी इव्हान्स यांनी अवजड यंत्रंही स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली नसती, तर त्या टेपांचं करायचं काय होतं? नासाच्या एम्स केंद्रातल्या बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्सच्या इमारतीत ती यंत्रं दुरुस्त झाली आणि 2008 मध्ये चंद्राच्या क्षितिजावरच्या पृथ्वीचं चित्र पुन्हा निघालं. जुन्या छापील प्रतींत न उतरलेले बारकावे त्यात होते.

यावर कोणी म्हणेल, टेपच पुसली तर यंत्र काय कामाचं? खरंच आहे. अपोलो 11 च्या चंद्रावरच्या चित्रणाच्या मूळ टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा नासाचाच निष्कर्ष आहे. तिथे कुठलंही यंत्र हतबल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: एकदाच सगळं डिजिटल करा आणि लोखंड भंगारात घाला. पण हे ‘एकदाच’ फसवं असतं. डिजिटल प्रत म्हणजे त्या दिवशीचं हेड, त्या दिवशीची जुळवणी. ती कमी पडली हे पुष्कळदा नंतर कळतं, तेव्हा टेपेकडेच परतावं लागतं. नवं यंत्र घडवता येईल, हेही मान्य. मात्र त्यासाठी सर्किटचे नकाशे, सर्व्हिस मॅन्युअल आणि ताळा घ्यायला निदान एक चालू नमुना लागतो. म्हणून संग्रहालयाने टेपांची यादी करताना त्याच ओळीत लिहावं: कोणत्या यंत्रावर चालते, ते कुठे आहे, सुटी हेडं किती उरली. आणि यंत्र अधूनमधून चालवावं. नुसतं झाकून ठेवलं की आधी रबरी रोलर चिकट होतात, मग कपॅसिटर दगा देतात.