हळदीची रात्र

माझा धाकटा भाऊ दारुडा नाही. आमच्या जिते गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. वर्षभर तो बाटलीला शिवत नाही. चुलतभावाच्या हळदीला मात्र बसला.

मांडवात धवलारीण गात होती, अंगणात डीजे दणाणत होता आणि घरामागे पेंढ्याच्या उडवीआड पोरांची बैठक. बारा वाजले तरी तो दिसेना म्हणून शोधायला गेले. उताणा पडलेला, तोंडाशी ओकारी, घशात घरघर. "निजू दे त्याला, सकालपर्यंत उतरल," काका म्हणाले. मीही तेच म्हणणार होते. पण कपाळाला हात लावला तर गार. हाका मारल्या, चिमटा काढला, हूं नाही की चूं नाही. त्याला कुशीवर वळवलं आणि शेजारच्यांच्या टेम्पोत घालून पेणला नेलं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, उताणा किती वेळ होता? ओकारी श्वासनळीत उतरली असती तर झोपेतच गेला असता. लिंबू, ताक, गार पाणी, कशानेच रक्तातली दारू उतरत नाही. यकृत ती आपल्या गतीने जाळतं, तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम. आणि पोटात उरलेली दारू माणूस बेशुद्ध पडल्यावरही रक्तात चढतच राहते.

एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटर व्हिस्कीत, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. एका बैठकीतल्या अतिमद्यपानाची रेघ जागतिक आरोग्य संघटनेने ६० ग्रॅमवरच ओढली आहे. "एकच क्वार्टर घेतली" म्हणणारा त्या रेघेवर पोचलेला असतो. भावाने दीड तासात अडीच घेतल्या होत्या.

आम्हा आगऱ्यांना दारू परकी नाही, देवाच्या मानातही ती असते. रोज पिणाऱ्याच्या बायकोची दशा गाव बघतं, हळहळतं. हळद, गटारी, शिमगा एवढ्याच रात्री पिणाऱ्याला मात्र कुणी आजारी म्हणत नाही. मी तरी कुठे म्हणत होते?

पुढच्या हळदीला आम्ही बायकांनी हट्ट धरला, मांडवात दारू नको. घरच्यांनी ऐकलं. चहा आणि वडे ठेवले. रात्री दहाला पोरं गाड्या काढून हायवेच्या दिशेने गेली. मांडवात नाही मिळाली तर ती बाहेर प्यायला जातील, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. सात गाड्या मोजल्या होत्या मी. सहा एकापाठोपाठ परतल्या. सातवीचा दिवा वळणावर दिसला तेव्हा पावणेदोन झाले होते. तोवर मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते.