उद्यानातील दोन फ्रिडा

महानगरातील विस्तीर्ण उद्यान हे त्या नगराचे अंगणच असते. आणि अशा अंगणात कलासंग्रहालय उभे असले, की आधुनिक कलेचे दडपण बरेच हलके होते. मेक्सिको शहरातील चापुल्तेपेक उद्यानात याचा प्रत्यय येतो. नाहुआत्ल या तेथील प्राचीन भाषेत या नावाचा अर्थ ‘नाकतोड्यांची टेकडी’ असा होतो. सहाशे हेक्टरांहून मोठ्या या वनात जुने वृक्ष आहेत, तळे आहे, टेकडीवर किल्ला आहे आणि झाडांच्या सावलीत अनेक संग्रहालये आहेत. त्यांपैकी आधुनिक कला संग्रहालय 1964 च्या सप्टेंबरात खुले झाले. पेद्रो रामिरेस वास्केस यांनी रचलेल्या या वास्तूच्या वक्राकार काचांतून बाहेरची हिरवळ दिसत राहते.

माझी कन्या गेली सात वर्षे त्या शहरात नोकरी करते. तेथील नागरिकत्व घ्यावे, असा विचार तिने आम्हांस कळविला होता. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला स्थान नाही. म्हणजे भारताचे पारपत्र परत करावे लागणार. मी तिच्याकडे गेले, तेव्हा हा विषय आम्ही दोघीही टाळत होतो.

संग्रहालयात फ्रिडा काहलो यांचे 1939 मधील ‘दोन फ्रिडा’ हे भव्य चित्र आहे. एकाच बाकावर एकाच चेहऱ्याच्या दोन स्त्रिया बसल्या आहेत. एकीच्या अंगावर युरोपीय धाटणीचा पांढरा पोशाख, दुसरीच्या अंगावर मेक्सिकोच्या तेहुआना स्त्रियांचा. दोघींची हृदये उघडी आहेत आणि एकच रक्तवाहिनी त्यांना जोडते. पांढऱ्या वस्त्रातील फ्रिडा त्या वाहिनीचे तुटके टोक चिमट्याने दाबून धरते आहे, तरीही रक्त वस्त्रावर सांडतेच. मागे वादळी आकाश आहे. त्याच वर्षी पती दिएगो रिव्हेरा यांच्याशी त्यांचा घटस्फोट झाला होता. मात्र त्या दोघींनी एकमेकींचा हात धरलेला आहे.

बराच वेळ आम्ही तेथे उभ्या होतो. मग कन्या हळूच म्हणाली, “आई, यांतली खोटी कोणतीच नाही ना?” मला उत्तर सुचले नाही.

या संग्रहालयाच्या संग्रहात रेमेदिओस वारो यांचे ‘पक्ष्यांची निर्मिती’ हे 1957 मधील चित्रही आहे. घुबडासारखे रूप असलेली एक व्यक्ती कागदावर पक्षी रेखाटते. हातातील भिंगातून ताऱ्याचा प्रकाश त्यांवर पडतो आणि ते पक्षी सजीव होऊन उडतात. वारो मूळच्या स्पेनच्या. यादवी युद्धामुळे स्वदेश दुरावला, पुढे महायुद्धाने पॅरिसही सोडावे लागले आणि 1941 मध्ये त्या मेक्सिकोत आल्या. त्यांची उत्तमोत्तम चित्रे याच आश्रयभूमीत घडली. मूळ भूमीपासून दूर गेल्याने मनुष्य ओसाडच होतो, हा माझा समज त्या पक्ष्यांपुढे टिकेना.

बाहेर रविवारची गर्दी होती. हिरवळीवर कुटुंबे शिदोरी सोडून बसली होती. एका गाडीवर आंब्याच्या फोडींवर मीठ, तिखट आणि लिंबू घालून देत होते. तो पहिला घास जिभेवर आला आणि कोल्हापूरची उन्हाळ्याची सुटी आठवली. कन्या विक्रेत्याशी स्पॅनिशमध्ये हसून बोलत होती, आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारत होती, “अजून तिखट हवे?”

तेव्हा मीच विषय काढला, “कागदपत्रे केव्हा द्यायची आहेत?”