सभेतील शब्द

ग्रामसभेत मी पहिल्यांदा बोललो ते 1996 च्या उन्हाळ्यात. नुकताच एम.ए. झालो होतो, शब्दांवर आपली हुकमत आहे, असा अभिमान होता. विषय पाण्याचा होता. वरच्या आळीला नळाचे पाणी रोज येई, आमच्या खालच्या आळीला दिवसाआड. तक्रार रास्तच होती.

24 एप्रिल 1993 रोजी 73वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि देशभरातील पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. अशाच जागेवर निवडून आलेल्या एक काकू उत्तर देण्यास उभ्या राहिल्या. हातातील कागद वाचताना त्या अडखळल्या. मी पटकन म्हणालो, "काकू, आधी वाचायला शिका, मग कारभार करा." सभा हसली. काकू खाली बसल्या.

त्या कागदावर आमच्याच आळीसाठी नव्या जलवाहिनीचा प्रस्ताव होता, हे मला नंतर कळले. तो मांडलाच गेला नाही. तो उन्हाळा आमच्या आळीतील बायकांनी हंडे वाहून काढला.

मी काकूंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला आणि शांतपणे विचारले, "हसं केलंस चारचौघांत, आन् माफी घरात मागतोस होय?"

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो, क्षमा मागितली आणि ती इतिवृत्तात नोंदवण्याची विनंती केली. मग काकूंनी प्रस्ताव वाचला; अडखळत, पण शेवटपर्यंत. या वेळी कोणी हसले नाही.

सभेत बोलण्याचा अधिकार कायदा देतो. दुसऱ्याला निर्भयपणे बोलता यावे, याची काळजी मात्र आपल्याच जिभेने घ्यावी लागते.