डावीकडची जागा

जोडीतला एक बैल गेला, की शेतकऱ्यापुढे दोन वाटा उरतात. उरलेला विकायचा, त्यात पदरचे घालायचे आणि चालती जोडी घ्यायची. नाहीतर उरलेल्याच्या मापाचा एक शोधून आणायचा आणि त्या दोघांची जोडी बसवायची. पहिली वाट खर्चाची, पण सोपी. दुसरी स्वस्त, पण तिला महिने लागतात आणि करणारा माणूस जाणता लागतो. आमच्या अण्णांनी दुसरी वाट धरली. ती पैशासाठी की गुलब्यासाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आता अण्णा नाहीत, गुलब्याही नाही.

आमचं गाव केज तालुक्यातलं, बालाघाटाच्या माळावरचं. जमीन मुरमाड; नाल्याकाठची पट्टी तेवढी काळी. गुलब्या आणि हौशा ही आमची लालकंधारी जोडी. या जातीचं नाव नांदेडच्या कंधारवरून पडलं असलं, तरी परभणी, लातूर आणि आमच्या बीडपर्यंत ती घरची. गडद तांबडा रंग, बेताचा बांधा, उन्हाला दाद न देणारी आणि चाऱ्याला नाक न मुरडणारी जनावरं. दोघे आदत असताना, म्हणजे दुधाचे दात पडायच्या आधीच, घरी आले आणि एका दावणीला वाढले. २०१९ चा उन्हाळा दोघांनी चारा छावणीत काढला. त्या वर्षी राज्यात सगळ्यात जास्त छावण्या आमच्याच जिल्ह्यात लागल्या होत्या. अण्णा तिथंच पत्र्याच्या सावलीला बाज टाकून राहिले, आणि छावणीतल्या त्या गर्दीतही त्यांनी दोघांचे खुंटे शेजारीशेजारीच ठोकले होते.

गुलब्या उजवीकडचा, हौशा डावीकडचा. बैलाची बाजू एकदा ठरली की ठरली. उजव्याला डावीकडे जुंपलं तर तो चालता चालता बाहेर ओढतो आणि तास वाकडं जातं. जू उचलून धरलं की हौशा न हाकलता डाव्या अंगाने यायचा आणि मान खाली घालायचा. शिवळ घालून जोतं आवळेपर्यंत गुलब्याही पलीकडून उभा राहिलेला असायचा. आम्हा पोरांना वाटायचं, बैल असेच असतात.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगावकडून लंपीच्या बातम्या यायला लागल्या. २६ ऑगस्टचा पोळा आमच्याकडे नेहमीसारखा झाला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. अण्णांनी दोघांच्या मानेला हळद आणि लोणी चोळलं, वर्षभर जू घासून राठ झालेली कातडी बोटांनी चेपून चेपून मऊ केली, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण दिलं. त्यानंतर काही आठवड्यांतच हौशाने वैरणीवरून तोंड फिरवलं. अंग तापलेलं, डोळ्यांतून पाणी. मग मानेवर आणि फऱ्यावर गाठी उठल्या, पुढचे पाय सुजले. चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड हा रोग एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात, म्हणून हौशाला गोठ्यातून काढून पलीकडच्या बाभळीखाली बांधलं. गुलब्याला लस टोचली. रोज संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला जाई. हौशा वाचला नाही. जेसीबी बोलावून बांधाच्या कडेला खोल खड्डा घेतला, चुना आणि मीठ टाकून त्याला पुरलं. पंचनामा झाला. सरकारने बैलाला २५ हजार, गायीला ३० हजार आणि वासराला १६ हजार अशी मदत ठरवली होती. ती आली आणि हरभऱ्याच्या पेरणीत खर्ची पडली.

घरात कोणी मोठ्याने रडलं नाही. आईने पहिल्या दिवशी सवयीने दोन टोपल्या भरल्या आणि एक परत ओतली. गुलब्याचं वागणं मात्र डोळ्यांत भरत होतं. दावं लांब होतं, गोठा रिकामा होता, तरी तो दावणीच्या उजव्या अर्ध्यातच उभा राहायचा. कडबा निम्मा टाकून द्यायचा. हौशाच्या गळ्याखालची पोळी चाटायची त्याची जुनी सवय. आता तो हौशाचा खुंटा चाटायचा. चाटून चाटून त्या लाकडाचा वरचा भाग गुळगुळीत झाला. कोणी म्हणालं, मिठासाठी चाटत असेल. अण्णांनी मिठाचा खडा आणून गव्हाणीत ठेवला. तो गुलब्याने हुंगला आणि पुन्हा खुंट्याकडे वळला.

मुक्या जनावराला काय कळतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन विद्यापीठात गायींवर अभ्यास झाला होता. आवडत्या जोडीदाराजवळ ठेवलेल्या गायींच्या हृदयाचे ठोके अनोळखी गायीजवळ ठेवलेल्यांपेक्षा संथ होते. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या लेखी ती बातमी नव्हतीच.

लगेच बैल आणावा म्हटलं तर लंपीमुळे जनावरांचे बाजार बंद. आमच्यापेक्षा वाईट हाल ऊसतोडवाल्यांचे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातून गाड्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि पुढे कर्नाटकातल्या कारखान्यांवर निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. टायरगाडीला दोन-अडीच टन ऊस ओढायचा तर दोन्ही खांदे भक्कम पाहिजेत. हंगामात एक बैल बसला तर कारखान्याच्या भागातच, मिळेल त्या भावाने, अंगावरची उचल वाढवून दुसरा घ्यावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फडात जुंपावा लागतो. तिथे ओळख करून द्यायला सवड कुठली? शेजारच्या गल्लीतल्या एका कुटुंबावर अशीच वेळ आली होती. नवा बैल भरल्या गाडीखाली बिथरला, जुन्याचा खांदा सोलवटला, आणि पाडव्याला घरी आले तेव्हा दोन्ही बैल अर्धे झाले होते. ती माणसं बैलांशी निर्दय नव्हती, त्यांच्या हातात दिवस नव्हते. जोडी बसवायला माया लागते हे खरं, पण त्याआधी वेळ लागतो, आणि वेळ गरिबाला सगळ्यात महाग पडतो.

बाजार उघडल्यावर अण्णा नेकनूरला गेले. मी सोबत होतो. बरोबर एक सुतळी घेतली होती, तिला गुलब्याच्या खांद्याच्या उंचीवर गाठ मारलेली. रंग, शिंगं, शेपूट हे सगळं नंतर. उंची जुळली नाही तर जू कलतं, भार बुटक्यावर येतो आणि त्याची मान फुटते. दात पाहिले: चार दाती, म्हणजे कामाला आलेला, पण सवयी अजून पक्क्या न झालेला. मग चालवून पाहिला. दलालाने रुमाल टाकला, रुमालाखाली बोटं धरली गेली, सोडली गेली, पुन्हा धरली गेली. सौदा ठरत आला तेव्हा अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "कोणत्या अंगाला चालतो?" "डाव्या," मालक म्हणाला. नाव विचारलं, तर राजा. अण्णांनी नाव बदललं नाही. आधीच सगळं परकं, त्यात नावही परकं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

राजाला घरी आणलं, पण गोठ्यात घेतलं नाही. आधी बाहेर, चिंचेखाली. अंगावरचे गोचीड काढले, लस झाल्याचा कागद पाहिला, आजार नाही ना याची खात्री होईपर्यंत पाण्याची घमेलीसुद्धा वेगळी. गुलब्या आतून त्याच्याकडे बघायचा आणि फुरफुरायचा. मग राजाच्या अंगावरची झूल काढून गुलब्याच्या गव्हाणीवर टाकली. आधी वासाची ओळख. पहिल्या दिवशी गुलब्याने ती शिंगाने खाली पाडली. पुढे पुढे ती तशीच पडून राहू लागली.

नंतर राजाचा खुंटा गोठ्यात आला, पण हौशाच्या खुंट्यावर नव्हे. दोघांची शिंगं एकमेकांना पोचणार नाहीत एवढं अंतर ठेवून, नवा खुंटा ठोकून. वैरण एकाच वेळी टाकायची, पण आधी गुलब्याला. पाण्यावरही आधी गुलब्या. एकदा हौदावर राजाने तोंड पुढे घातलं तेव्हा गुलब्याने मान फिरवून त्याच्या बरगडीवर शिंगाचा आडवा फटका दिला. मी काठी घेऊन धावलो, तर अण्णांनी हात धरला. "सांगू दे त्याला. टोक नाही लावलं, बाजू लावली." खरंच, शिंग आडवं होतं. राजा दोन पावलं मागे सरला आणि गुलब्याचं पिऊन होईपर्यंत थांबला. त्या दिवसानंतर हौदावर भांडण झालं नाही. थोरल्याची जागा काढून घेऊन धाकट्याला दिली की दोघेही बिघडतात. थोरल्याचा मान राखला तर तोच धाकट्याला सांभाळून घेतो. अण्णांचं सगळं शास्त्र एवढ्यातच होतं.

ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण माणसं कुसंगतीबद्दल वापरतात. अण्णांचा मात्र सगळा भरवसा तिच्यावरच होता. मानेवर पहिल्यांदा नुसतं जू दिलं, मागे काही नाही. गावाबाहेरच्या पांदीने दोघांना चालवत न्यायचं आणि आणायचं. मग मागे एक हलका ओंडका. मग नाल्याकाठच्या भुसभुशीत पट्टीत वखर. तेव्हा त्यांनी जुवाच्या मधली बांधणी दोन बोटं गुलब्याकडे सरकवली. बांधणी ज्याच्या जवळ, त्याच्या खांद्यावर भार जास्त. लांबच्याला हलकं जातं. म्हातारा बैल जास्त ओढत होता आणि नव्याला चाल तेवढी शिकायची होती. राजा वेगाचा. तो पुढे निघाला की गुलब्या आपली चाल बदलायचाच नाही. जू तिरपं व्हायचं, राजाची मान ओढली जायची, तो आपोआप मागे यायचा. चाबूक उगारावा लागला नाही. पुढे बांधणी अर्ध्या अर्ध्या बोटाने मधोमध आली.

पोळ्याच्या सुमाराला, २०२३ साली, एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नाल्याच्या वळणावर औत नेताना हौशाला थांबायची खोड होती. तिथे पूर्वी झरा होता, हौशा त्याला तोंड लावायचा. झरा आटून वर्षं लोटली, तरी तो क्षणभर थांबायचा, त्याच्यामुळे गुलब्या थांबायचा. हौशा गेल्यावर गुलब्याची ही सवय राहिली. आता गुलब्या थांबला म्हणून राजाही थांबू लागला. त्या वर्षी पावसाने मोठी ओढ दिली होती, नाला ठणठणीत होता, पाण्याचा मागमूस नव्हता. ज्याला राजाने कधी पाहिलंही नव्हतं, त्याची खोड राजाच्या पायात आली होती. अण्णा अशा वेळी कासरा ओढत नसत. बैल निघेपर्यंत तेही थांबत.

हौशाचा खुंटा गोठ्यात तसाच होता. राजाला त्या खुंट्यावर कधी बांधायचं, हे अण्णांनी ठरवलं नाही. एका पावसाच्या रात्री गोठ्याचा कोपरा गळायला लागला, राजा ओल चुकवायला दावं ताणून सरकला आणि हौशाच्या जागेवर जाऊन बसला. गुलब्याने त्याला उठवलं नाही. सकाळी अण्णांनी नवा खुंटा उपटून टाकला.

गुलब्या पुढच्या उन्हाळ्यात गेला, वय होऊन, बसल्या जागी. त्या पावसाळ्यात अण्णाही गेले. आता राजा एकटा होता आणि औत धरणारा धाकटा भाऊही एकटा. गावात ट्रॅक्टर तासावर मिळतो. महाराष्ट्रातला गोवंश २०१२ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होता, २०१९ मध्ये तो १ कोटी ४० लाखांच्या घरात आला, आणि हे लंपीच्या आधीचे आकडे आहेत. भावाने हिशोब केला आणि ट्रॅक्टर बरा असं ठरवलं. त्याला मी दोष देत नाही. बैल ठेवायचा तर वर्षभर वैरण लागते, आणि जोडी बसवणारा माणूस घरात उरला नव्हता. पण राजाला त्याने बाजार दाखवला नाही. धारूर तालुक्यातल्या आमच्या मावसभावाचा एक बैल सर्पदंशाने गेला होता, त्याच्या घरी राजाला दिलं. सोडायला भाऊ स्वतः गेला. परत येण्याआधी त्याने मावसभावाला सगळं सांगितलं: हा डावीकडचा, आधी बाहेर बांधा, झूल तुमच्या बैलाजवळ टाका, पाण्यावर तुमच्या बैलाला पुढे ठेवा, बांधणी दोन बोटं जुन्याकडे घ्या. अण्णांनी हे त्याला बसवून कधी शिकवलं नव्हतं. औतामागे चालताना पाहूनच त्याने ते उचललं होतं.

ज्यांच्या गोठ्यात अजून बैल आहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे. जोडीतला एक गेला म्हणून उरलेल्याला त्याच आठवड्यात बाजारात उभा करू नका. गेलेल्या बैलाची बाजू, चाल आणि खोडी ठाऊक असलेला गोठ्यात तो एकटाच असतो, आणि नव्याला शिकवणारा त्याच्याइतका चांगला गुरू पैसे देऊन मिळत नाही.